भरल्या टाकीचा कोरडा नळ

“टाकी भरली आहे ना?”

“काठोकाठ, माई.”

“पाइप कुठे फुटला आहे का?”

“कुठेही नाही. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत मी हात फिरवून पाहिला. कोरडा ठणठणीत आहे.”

“कॉक उघडलास?”

“पूर्ण उघडला आहे.”

“मग नळाला पाणी का नाही?”

हाच प्रश्न घेऊन तर कुमुदिनीबाई माईंच्या खोलीत आल्या होत्या. तो जसाच्या तसा त्यांच्याच पदरात परत पडला होता.

मठाच्या संस्थापिकेची त्या दिवशी पुण्यतिथी होती. दुपारी पंक्ती बसायच्या होत्या. आणि जेवणापूर्वी, जमलेल्या बायकांच्या समक्ष, वृद्ध सगुणामाई मठाचा कारभार कुणाच्या तरी हाती सोपवणार होत्या. कुणाच्या, ते त्यांनी सांगितले नव्हते.

कुमुदिनीबाईंना त्याविषयी फारसा संशय नव्हता. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त होऊन मठात आल्या, तेव्हापासून मठात एकही चटई वाकडी अंथरली गेली नव्हती. पुण्यतिथीसाठी त्यांनी गच्चीवरची टाकीसुद्धा रिकामी करवली होती. स्वतः आत उतरून घासली होती. तळाशी राहिलेला शेवटचा थेंब फडक्याने टिपून घेतला होता. मगच ती पुन्हा भरू दिली होती.

आणि तेव्हापासून टाकीच्या पाण्यावर चालणाऱ्या एकाही नळाला पाणी नव्हते.

प्लंबर कुणाच्याशा लग्नाला परगावी गेला होता. पाहुण्या बायका कोणत्याही क्षणी येणार होत्या. आजच्या दिवशी, आपल्या व्यवस्थेत, एवढे मोठे न्यून...

“आत काहीतरी अडकले असावे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“काय अडकले?”

“गंज असेल, क्षार असतील. मी नळ उघडून वॉशर बदलला. जाळी काढून आत तार घालून पाहिली.”

“काय निघाले?”

“काही नाही.”

“तेच अडकले आहे,” माई म्हणाल्या.

माईंना अलीकडे कमी ऐकू येऊ लागले की काय, अशी शंका कुमुदिनीबाईंच्या मनात आली. त्यांनी आवाज चढवला.

“माई, मी म्हटले, काही निघाले नाही.”

“ओरडतेस कशाला? ऐकले मी. काही नाही, तेच.”

एवढ्यात स्वयंपाकीणबाई ठमाबाई काखेत रिकामा हंडा घेऊन दारात उभी राहिली.

“माई, अंगणातल्या नळावरनं हंडे आणून माझी कंबर मोडली. आता थोड्या वेळात नगरपालिकेचं पाणीबी जाईल. मग पंक्तीला काय, तीर्थ वाटायचं?”

“ठमाबाई, प्रयत्न चालू आहेत,” कुमुदिनीबाई म्हणाल्या.

“परयत्न न्हाई, ताई, धसका! टाकी अशी घासलीत, की पाणी बुजलं असंल बिचारं.”

माई हसल्या. भिंतीचा आधार घेत त्या स्वयंपाकघरात आल्या. मोरीवरच्या नळाशी वाकल्या आणि त्याच्या तोंडाशी कान नेला.

बराच वेळ तशाच राहिल्या...

“काय ऐकू येते, माई?”

“श्वास रोखून बसला आहे.”

“कोण?”

“तू शेवटचा थेंब टिपलास, तेव्हा पाण्याच्या पाठोपाठ पाइपात कोण शिरले?”

कुमुदिनीबाईंनी आठवून पाहिले.

“कुणीही नाही, माई. टाकीत मी एकटीच होते.”

“वारा शिरला, बाई. इतके रिकामे केलेस, की त्याला जागा मिळाली. आता वर पाणी, खाली नळ, आणि मध्ये वारा.”

वाऱ्याने पाणी अडावे, ही गोष्ट कुमुदिनीबाईंच्या बुद्धीला पटेना. वारा हा काही बोळा नव्हे. तो दिसत नाही, हाती लागत नाही, तारेने ओढून काढता येत नाही. तरीही नळ कोरडा होता, ही गोष्ट तर डोळ्यांसमोर होती.

“मग त्याला काढायचे कसे?”

“आला तसा परत धाडायचा. अंगणातल्या नळाला जोर आहे ना? झाडांची रबरी नळी तिकडे लाव, आणि तिचे दुसरे टोक या नळाला. दोन्ही नळ सोड.”

“म्हणजे... नळाला पाणी पाजायचे?”

“पाज.”

“माई, आपल्याला नळातून पाणी घ्यायचे आहे!”

“ठाऊक आहे.”

“आणि ती नळी शेणखतात लोळलेली असते.”

“धुऊन घे.”

“बाहेरून धुता येईल. आतून काय? त्यातून पाइपातला सगळा गाळ उलटा वर जाईल. टाकी मी आरशासारखी केली आहे, माई. ती घाण होईल.”

“होईल.”

“पुन्हा रिकामी करून घासावी लागेल.”

“आज नको,” माई म्हणाल्या.

ठमाबाईने तोंडाला पदर लावला.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज झाला. बायकांची बोलणी ऐकू येऊ लागली. कुमुदिनीबाईंनी पहाटेच खळ घातलेले पांढरे पातळ नेसले होते. या वेळी त्यांनी दारात उभे राहून येणाऱ्यांच्या हातावर अत्तर लावायचे, असे ठरले होते.

त्यांनी दाराकडे पाहिले. मग नळाकडे पाहिले. मग माईंकडे.



कुमुदिनीबाईंनी पदर खोचला.

नळी आणली, धुतली. एक टोक ठमाबाईने अंगणातल्या नळाला बांधले. दुसरे टोक मोरीवरच्या नळाला सैल होऊ लागले, म्हणून कुमुदिनीबाईंनी ते दोन्ही हातांनी आवळून धरले.

“सोडू का हो, ताई?” ठमाबाईने अंगणातून हाक दिली.

“सोड!”

नळी फुगली, थरथरली. हातांच्या फटीतून तांबूस पाण्याची पिचकारी उडाली आणि थेट कुमुदिनीबाईंच्या तोंडावर बसली. पुढची पातळावर. त्यांनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. भिंतीवरच्या पाइपात काहीतरी खोकले. गुरगुरले. मग थांबले.

“काय होते आहे, माई?” त्यांनी विचारले. त्यांना खरोखरच काही कळत नव्हते.

“मला काय ठाऊक? मी काय पाइपात आहे?”

“मग हे करायला सांगितलेत ते कशाच्या भरवशावर?”

माई दाराशी गेल्या आणि त्यांनी बायकांना हाक दिली.

“या ग, इकडूनच या. स्वयंपाकघरातून.”

“माई, नको!” कुमुदिनीबाई कळवळून म्हणाल्या. “मी या अवस्थेत... निदान यांना पुढच्या दाराने घ्या.”

तोवर बायका आत आल्या होत्या. नटून थटून आलेल्या, हातांत नारळ. त्या जागच्या जागी थबकल्या.

“अगंबाई! ह्या आपल्या मुख्याध्यापिकाबाई ना? मला वाटलं, कुणी रंगपंचमी खेळतंय!”

हशा पिकला. कुमुदिनीबाईंच्या कानशिलांवरून गंजाचे पाणी ओघळत होते. पळून जावे असे त्यांना मनापासून वाटले. पण हात सोडले असते, तर सगळ्या बायका भिजल्या असत्या, आणि पाइपात जे काही वर चालले होते, ते पुन्हा खाली बसले असते. त्यांनी नळी अधिकच आवळली.

गच्चीवरून गुडगुड असा आवाज आला. एकदा. मग बराच वेळ काही नाही...

माईंनी कमरेचा मठाच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला. सर्वांच्या देखत त्या मोरीपाशी आल्या.

“घे.”



“माई, हात गुंतले आहेत.”

माईंनी जुडगा त्यांच्या कमरेला, ओल्या पातळात, खोचून दिला. बायकांची कुजबुज थांबली. ठमाबाई अंगणातून डोकावून पाहू लागली.

“माई,” कुमुदिनीबाई हळूच म्हणाल्या. “आपला काही गैरसमज होतो आहे. पाणी अजून आलेले नाही.”

“ठाऊक आहे.”

“येईल की नाही, हेही मला सांगता येत नाही. मग आताच का? पाणी येईपर्यंत तरी थांबायचे.”

माई वळल्या. भिंतीला हात लावून, सावकाश, बायकांच्या मधून वाट काढत त्या चालू लागल्या.

“थांबून कसे चालेल? पाणी आले, की तू पुन्हा स्वच्छ होशील.”