बाईंची काठी

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच.

गावाबाहेर माळावर गोल्फचं मैदान होतं. तिथे दळवीसाहेब खेळायचे आणि गेनू त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. त्यातली एक काठी साहेबांच्या बायकोची, म्हणजे बाईंची होती. बाई आता नव्हत्या. त्यांच्या वाढदिवसाला साहेब त्याच काठीने नऊ खड्डे खेळायचे.

वाढदिवस चार दिवसांवर आला. साहेब म्हणाले, "गेनू, ही काठी जमिनीला टेकवू नकोस. ओल लागते."

गेनूने ती बाभळीच्या दोन फांद्यांवर आडवी टाकली. पिशवीलाही ओल लागेल म्हणून ती काठीला अडकवली. मग आपल्यालाही लागेल म्हणून स्वतः काठीवर बसला. काठी मधोमध वाकली.

साहेबांनी काठी उचलून डोळ्यांसमोर धरली. मग म्हणाले, "वाकलेलं लोखंड लोहाराकडे न्यायचं. तापवायचं, हळूहळू ठोकायचं, सरळ करायचं."

संपत लोहाराने दांडा सरळ करून दिला. गेनू म्हणाला, "टोक राहिलं की."

"ते तसंच असतं रे."

"साहेबांनी सरळ सांगितलंय."

काठीची पहार झाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, टोकाला वाक हवाच. सगळा खेळ त्या वाकात असतो."

गेनू परत गेला आणि वाक देऊन आणला. येताना त्याला मैदानावरच्या नऊ झेंड्यांच्या सळ्या दिसल्या. एकीच्याही टोकाला वाक नव्हता. त्याने त्यांनाही तो दिला. नऊ झेंडे माना खाली घालून उभे राहिले.

"गेनू," साहेब म्हणाले, "यापुढे हात लावण्याआधी ज्याची वस्तू त्याला विचारायचं."

"विचारीन."

वाढदिवशी साहेब खेळायला आले. काठी चेंडूला जरा डावीकडे नेत होती.

"बाईसुद्धा डावीकडेच मारायच्या," साहेब म्हणाले आणि खेळत राहिले.

नवव्या खड्ड्यात चेंडू पडला. तो काढायला साहेब वाकले आणि कमरेत उसण भरली. वर येता येईना.

गेनू धावला. हात लावणार, तेवढ्यात त्याला आठवलं.

"साहेब, वाकलात का?"

"दिसत नाही?"

"सरळ व्हायचंय?"

"व्हायचंय, बाबा. ने लवकर."

गेनूने साहेबांना काठीसकट खांद्यावर टाकलं. दवाखाना डाव्या हाताला होता. गेनू उजवीकडे वळला.

संपत भाता ओढत होता. भट्टी लालबुंद झाली होती. गेनूने साहेबांना अलगद ऐरणीवर ठेवलं.

"मालकाला विचारलंय," तो म्हणाला. "तापव आणि हळूहळू ठोक."

साहेबांनी आधी भट्टी पाहिली, मग हातोडा पाहिला. ते ताडकन उभे राहिले. कंबर सरळ, पाठ सरळ, मान सरळ. बाईंची काठी छातीशी धरून ते गावाच्या दिशेने पळत सुटले.

गेनू मागून धावत होता.

"साहेब, थांबा. टोकाला वाक द्यायचा राहिलाय."