लढाईहून परतलेली रांग

फार मागे, माळावरच्या लाल मुंग्यांनी शेजारच्या शेतातल्या काळ्या मुंग्यांवर स्वारी केली. काळ्या मुंग्या रातकिड्यांना छळतात, त्यांना सोडवायचं आहे, असं सेनापतीने सांगितलं होतं.

लढाईत मेलेल्याला उचलून घरी आणायचं, ही मुंग्यांची रीत. रांग परतली तेव्हा म्हातारी भागी वारुळाच्या तोंडाशीच उभी होती.

"माझा गोंदू कुठंय रे?"

"रातकिड्यांसाठी लढताना गेला, मावशे," सेनापती म्हणाला.

"मग सुटले का रातकिडे?"

"ते काही दिसले नाहीत."

"बरं. गोंदूला कुणी आणलंय?"

"कुणाचं तोंड मोकळं नव्हतं, मावशे."

भागीने रांगेकडे पाहिलं. शेवटच्या मुंगीपर्यंत प्रत्येकीच्या तोंडात तेलाने टपोरलेला तीळ होता.

"ते खाली ठेवा आणि त्याला घेऊन या," ती म्हणाली, आणि दारातून हलली नाही.