मैनेची बडबड

रानात जनावरांचं राज्य होतं आणि अधू जनावरांना सरकारी कोठारातून शिधा मिळायचा, तेव्हाची ही गोष्ट.

आंधळी भागीरथी हत्तीण आपला ऊस न्यायला आली. पाठीवर बसून तिला वाट सांगणारी मैना म्हणाली, "कारभारी, हिला सोडून मला दाणे टिपायला जाता येत नाही. मलाही थोडे द्या की."

"नुसत्या बडबडीचा कसला शिधा?" कोल्हा कारभारी खेकसला.

"बरं, मग गप्प बसते," मैना म्हणाली.

हत्तीण निघाली ती थेट कोल्ह्याच्या नव्याकोऱ्या घराकडे. कुंपण कडाकडा मोडलं.

"अगं बये, बोल काहीतरी!" जोंधळ्याची पाटी पुढे करत कोल्हा किंचाळला.

मैनेनं एक दाणा उचलला, चवीनं खाल्ला.

"डावीकडे, मावशी," ती म्हणाली. "समोर कारभाऱ्यांचं घर आहे."