शिफारशीचा रकाना

काय हो, दहावीला नव्वद टक्के मिळवणं हा गुन्हा आहे का? वृंदाला त्या दिवशी तसंच वाटलं. तिला कला शाखेत जाऊन इतिहास शिकायचा होता. प्रवेशाची मुदत उद्या संपत होती, आणि मुख्याध्यापक निंबाळकर सरांनी तिच्या अर्जावर, शाळेच्या शिफारशीच्या रकान्यात, तिला न विचारताच 'विज्ञान' लिहून टाकलं होतं.

"सर, मला आर्ट्सला जायचंय."

"वेडी आहेस का? आर्ट्स ढ मुलांसाठी असतं. तू डॉक्टर हो, शाळेचं नाव काढ. इतिहास शिकून कुणाचं भलं झालंय?"

वृंदाची कानशिलं तापली. शिकायचं तिने आणि ठरवायचं यांनी? पण तिने आवाज चढवला नाही. सरांच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. शिपाई रावजीमामा रोज सकाळीच त्यांवर सरांचा शिक्का मारून ठेवत. त्यातला एक कागद तिने पुढे सरकवला.

"मग एवढं लिहून द्या, सर. हुशार मुलांनी इतिहास शिकू नये, तो ढ मुलांसाठी असतो. घरी दाखवते आणि मुकाट्याने सायन्सला जाते."

सरांनी ऐटीत ते वाक्य लिहिलं. सही करायला पेन खाली नेलं आणि हात थांबला. खाली शिक्का होता: 'द. रा. निंबाळकर, एम. ए. (इतिहास), मुख्याध्यापक.'

"सर, सही राहिली," वृंदा म्हणाली.

दारातल्या रावजीमामांना खोकल्याची उबळ आली. सरांनी कागद टराटरा फाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी 'विज्ञान' खोडून 'कला' लिहिलं, आणि वृंदाने अर्ज भरला.