खिडकीबाहेरची वही

"काढू की राहू देऊ, आक्का? एवढंच सांगा."

कानडेबाईंनी हे खिडकीतून विचारलं. आक्का, आमच्या मठाच्या गुरू, आत जमखान्यावर बसलेल्या, कानडेबाई बाहेर ओट्यावर, आणि मधे खिडकीचे गज.

मी कोपऱ्यात मेथी निवडत होते. या मठाचा स्वयंपाक बावीस वर्षं माझ्याकडे आहे. मला कुणी काही विचारत नाही, आणि म्हणूनच मला सगळं ऐकू येतं.

आता ओट्याचं सांगते. जुन्या स्वामींपासूनचा नियम आहे. बाईची पाळी चालू असली की तिनं आत यायचं नाही, बाहेरच्या ओट्यावर बसून प्रवचन ऐकायचं. चार दिवस. पाचव्या दिवशी न्हाऊन आत. माझे दिवस होते तोवर मीही बसलेय. खरं सांगू का, बरंच वाटायचं. तेवढाच पाठीला आराम.

कानडेबाईंचे चार दिवस संपतच नव्हते.

वृषाली कानडे. तालुक्याच्या हायस्कुलात शिकवतात. अकरा वर्षं दर सोमवारी सीना नदीच्या काठानं चालत मठात येतात आणि आक्कांचं बोलणं वहीत उतरवून घेतात. वचनवही म्हणतात तिला. आठ वह्या भरल्यात. कुणी जरा काही विचारलं की पानं फडफडवायची, तिथी काढायची आणि वचन तोंडावर फेकायचं. "आक्कांचा शब्द माझ्याकडून आजवर खाली पडलेला नाही," हे तर दर सोमवारी. मला ही बाई कधी आवडली नाही. उगाच खोटं कशाला बोलू?

"काय काढायचं?" आक्कांनी विचारलं.

"गर्भाशयात गाठी आहेत माझ्या. फायब्रॉइड म्हणतात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल. मी म्हटलं, आधी आक्कांना विचारते."

"कधीपासून आहेत?"

"तीन वर्षं झाली."

"तेव्हा काय म्हणाल्या मॅडम?"

"लहान आहेत म्हणाल्या. पुष्कळ बायकांना असतात, त्रास नसेल तर हात लावायचं कारण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला सांगितलं होतं."

"दाखवलंस?"

"नाही."

"त्रास नव्हता?"

"होता."

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. महिन्यातले तीन तीन, चार चार सोमवार ही बाई ओट्यावर दिसायची. मला दिसत होतं की. एकदा गाठींचं तिच्या तोंडून निसटलं तेव्हा मीच म्हटलं होतं, माझ्या बहिणीला होत्या अशा गाठी, पाळी गेल्यावर सुकल्या, काही करावं लागलं नाही. बहिणीच्या होत्या बोराएवढ्या आणि तिला कधी त्यांचा त्रास म्हणून झाला नव्हता. ते मी बोलले नाही. शहाणपणा सांगायला माझं काय जात होतं?

"अंगात रक्त किती आहे?" आक्कांनी विचारलं.

"सहा आलंय."

"बारा लागतं ना?"

"हो."

"मग दाखवायला का गेली नाहीस?"

कानडेबाई ताठ झाल्या. चेहरा पांढराफटक, ओठांनासुद्धा रंग नाही, पण मान अशी वर केली, जशी बक्षीस घ्यायला उभी राहिलीय.

"तुम्हीच सांगितलं होतंत."

आक्कांच्या हातातली माळ थांबली.

"मी?"

कानडेबाईंनी पिशवीतून वही काढली. पान शोधावं लागलं नाही, दोरा घालून ठेवला होता. वाचायला लागल्या.

"माघ वद्य पंचमी, सोमवार. आक्का म्हणाल्या, 'जे आलंय त्याला हात लावू नये. येऊ द्यावं, राहू द्यावं. आपलं आपण वाळतं आणि गळून पडतं.'"

वही मिटली.

"त्याच दिवशी सकाळी सोनोग्राफीचा कागद माझ्या हातात पडला होता, आक्का. घरीसुद्धा बोलले नव्हते. इथं येऊन बसले आणि तुम्ही हे बोललात. अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, हे मलाच आहे."

आक्का गजांजवळ सरकल्या.

"तू मला काही विचारलं होतंस?"

"नाही. तुम्हाला आपोआप कळलं."

"मला काही कळलं नव्हतं, वृषाली."

आक्कांनी वहीकडे बोट केलं. "त्या दिवशी प्रश्न काय होता? बघ वहीत."

"वहीत प्रश्न नसतात, आक्का. प्रश्न काय, लोकांचे असतात. मी तुमचं तेवढंच लिहिते."

"का?"

"बाहेर तुमचाच आवाज येतो. मागं बसून कोण काय विचारतं ते ऐकू येत नाही."

हे ती सहज बोलून गेली. मी मात्र मनात मोजलं. आठ वह्या. आणि त्यातल्या कितीतरी पानांवर कुणी काय विचारलं होतं, याचा पत्ताच नाही.

आक्का माझ्याकडे वळल्या. "कोंडे, माघातला तो सोमवार. कोण बोलत होतं तेव्हा?"

"तीन वर्षांपूर्वीचं मला काय आठवतंय?"

"आठवतंय तुला."

आठवत होतं. असला माणूस विसरेन कशी?

"शेलगावचे भानुदास वारे," मी म्हटलं. "त्यांच्या मेव्हण्यानं मुलीच्या लग्नात सगळ्या सोयऱ्यांना फेटे बांधले आणि यांना बांधला नाही. तो राग मनातून जात नव्हता. तासभर तेच दळण. माझी खिचडी करपली त्या दिवशी. शेवटी तुम्ही म्हणालात, येतोय तर येऊ द्या राग, त्याला हात लावू नका, आपलं आपण वाळतं."

"फेटा?" कानडेबाई म्हणाल्या.

"फेटा," मी म्हटलं.

मेलं माझं तोंड! म्हणताना मला जरा बरंही वाटलं, आणि पुढच्याच क्षणाला लाज वाटली. ती बाई हसल्यासारखं करत होती. ओठ हलत होते नुसते.

पण मोडणारी नव्हे ती. पुन्हा मान वर केली.

"असू दे. कुणालाही सांगितलेला असला तरी शब्द तुमचा आहे. मी तो पाळला. तीन वर्षं पाळला. शाळेत खुर्चीवर टॉवेल टाकून बसले, जिना चढताना भिंतीला धरून उभी राहिले, पण कुणाजवळ तक्रार केली नाही. हे तरी तुम्ही माना."

आक्का उत्तर द्यायच्या ऐवजी उठायला लागल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत. भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या. मला वाटलं, अंगणात जायचं असेल. त्या उंबरा ओलांडून सरळ ओट्याकडे वळल्या.

"आक्का! अहो, तिकडं कुठं?"

ओट्याला शिवलं की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय आत येता येत नाही. आक्कांनी मठातल्या पंचावन्न वर्षांत त्या ओट्याला शिवल्याचं मी ऐकलेलं नाही, त्यांचे दिवस असताना त्या मागच्या खोलीत बसायच्या. आणि आज खोकला झालेला, छातीत घरघर.

"आक्का, आंघोळ करावी लागेल हो!"

"ओरडू नकोस, कोंडे."

कानडेबाई घाबरून सरकल्या. "नका आक्का, मी... आज फार जातंय. शिवू नका."

आक्का तिच्या शेजारी बसल्या. बसताना तोल गेला म्हणून हात टेकला. कानडेबाईंखाली पोत्याची घडी होती, तिच्यावरच टेकला.

हात उचलला तर तळवा लाल.

मी दारात उभी होते. मला वाटलं होतं की त्या पदराला पुसतील, नाहीतर मला पाणी मागतील. काही नाही. हात तसाच मांडीवर ठेवला आणि बघत राहिल्या.

"तीन वर्षं," म्हणाल्या. "मी आत बसून बोलत होते आणि तू इथं..."

पुढं त्यांना बोलता येईना. बावीस वर्षांत आक्कांचा आवाज गेलेला मी पहिल्यांदा ऐकला. मीही तर आतच होते की, चुलीपाशी, आणि ती पोती दर सोमवारी मीच धुवायला टाकत होते.

"दुखतं का गं?" आक्कांनी विचारलं.

"सहन होतं."

"ते नाही विचारलं."

कानडेबाई बोटांनी पोत्याचा सुतळीचा धागा ओढत होत्या.

"दुखतं," म्हणाल्या. "खूप दुखतं."

आक्का म्हणाल्या, "अकरा वर्षांत मी पुष्कळ बडबडले. औषध घ्या, असंही कितीदा म्हणाले असेन. तू दोरा नेमका याच पानात का घातलास?"

"तुमचं वचन..."

"माझं राहू दे. तुला काय सापडलं त्यात?"

मी वाट बघत होते की आता दुसरं वचन निघेल, तिथीसकट. नाही निघालं.

"राहू द्यावं, असं होतं त्यात," कानडेबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

"काय राहू द्यायचं होतं तुला?"

"गर्भाची पिशवी."

...

"मला मूल हवंय, आक्का."

मी दाराची चौकट धरली.

"चाळीसावं लागेल आता. घरात कुणी तो विषयसुद्धा काढत नाही. हे म्हणतात, जाऊ दे गं, आपण दोघं आहोत ना. सासूबाईंनी पाळण्याची कडी काढून टाकली. सगळ्यांनी सोडून दिलं. मीच एक... मला अजून वाटतं. मॅडमकडे गेले आणि त्या काढा म्हणाल्या तर? म्हणून गेलेच नाही. तुम्ही राहू दे म्हणालात, मला तेवढंच हवं होतं."

अकरा वर्षांत त्या तोंडून आलेलं हे पहिलं बोलणं, जे वहीतलं नव्हतं. काय सांगू, मला त्या बाईला जवळ घ्यावंसं वाटलं. मी घेतलं नाही. ओटा मधे होता, आणि मी आक्का नाही.

"मॅडम आता काय म्हणतात?" आक्कांनी विचारलं.

"आधी दवाखान्यात ठेवून रक्त भरायचं. मग फक्त गाठी काढून पिशवी राखता येते का ते बघतील. पण रक्त थांबलंच नाही तर पिशवी काढावी लागेल, म्हणाल्या. त्याची सही आधीच द्यायची."

"आणि काहीच केलं नाही तर?"

"तसं म्हटलं मी त्यांना. खूप बायकांच्या राहू देतातच की, म्हटलं."

"मग?"

"म्हणाल्या, राहू देण्यासारख्या असतात त्या मीच राहू देते. तुमच्या राहू देण्यासारख्या राहिल्या नाहीत. हे रक्त असंच जात राहिलं तर एक दिवस वर्गातच पडाल, आणि मी काही करू शकणार नाही."

लांब कुठंतरी पाण्याची मोटर चालू झाली. कानडेबाईंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. सहीचा असावा. मग पेनही काढलं.

"बुधवारी सांगायचंय. तुम्ही सांगा, आक्का. 'कर' म्हणा, आत्ता इथं सही करते. 'नको' म्हणा, कागद फाडते. मी शब्दाबाहेर जाणार नाही."

"नाही सांगणार."

"आक्का!"

"एकदा सांगितलं ते बघतेयस ना?" त्यांनी तळवा तिच्यासमोर धरला. वाळायला लागला होता.

"मग मी कुणाला विचारू?"

आक्कांनी हात परत मांडीवर ठेवला.

"मला नाही ठरवता येत! तुमच्याकडे एवढी वर्षं आले ती कशाला मग? एक शब्द सांगायला काय जातं तुमचं?" तिचा आवाज चढला होता. आक्कांशी या मठात कुणी असं बोललेलं नाही. मी दटावायला तोंड उघडलं, तर आक्कांनी माझ्याकडे न बघताच मला थांबवलं. त्यांना ते आवडलं होतं, असं मला वाटलं.

"बोल," म्हणाल्या.

"काय बोलू? भीती वाटते मला. भूल देतील. टेबलावर निजवतील. आत काय चाललंय ते मला कळणारसुद्धा नाही. सगळे बघतील, आणि मला सगळ्यांत शेवटी सांगतील."

"हो."

"आणि मी शुद्धीवर आले आणि पिशवी नसली तर?"

आक्कांनी त्याच हातानं तिच्या गुडघ्यावरचा कागद सारखा केला.

"तर रडशील," म्हणाल्या. "मेलेल्या बाईला तेवढंही जमत नाही."