सगुणाबाईची पायरी

संग्रहालयासमोरच्या तळ्याला एक फेरी मारल्याशिवाय आमच्या शहराचा माणूस आत पाऊल टाकत नाही. पाहुण्यांना याचं हसू येतं. मग त्यांना तळ्याच्या पूर्वेचा वाकडा फुगवटा दाखवायचा आणि सगुणाबाईची गोष्ट सांगायची, अशी इथली रीत आहे.

सगुणा ही इथल्या बागेतल्या राघू माळ्याची एकुलती एक लेक. बापाने तळ्याच्या काठी तिच्यापुरती एक पायरी बसवली होती. ती तिथे बसे, पण पाय पाण्याला पोचत नसत. "मोठी झालीस की टेकतील," असं राघू म्हणायचा. ती मोठी व्हायच्या आतच मोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून तळं मुरुमाने बुजवलं गेलं. राघूने हाय खाल्ली. शेवटच्या घटकेला लेकीला म्हणाला म्हणे, "पाणी निजलंय, सगुणे. त्याच्या अंगावर पाय देऊ नको."

पुढे सगुणा तिथेच झाडलोटीला लागली. पण उभ्या जन्मात तिने बुजलेल्या तळ्यावर पाऊल ठेवलं नाही. मोटारींच्या मधून वळसे घेत काठाकाठानेच जायची. शहाणीसुरती माणसं तिला खुळी म्हणायची.

ती म्हातारी झाली तेव्हा जुनी बाग पुन्हा उभी करायचं ठरलं. तळ्याचा नकाशा मात्र सापडेना. त्या जागी सिमेंट ओतून कारंजं बांधू, असं साहेबलोक बोलू लागले. पाणी आता कायमचं गाडलं जाणार होतं. सगुणाबाई कामावरच्या इनामदार साहेबांना म्हणाली, "म्या चालते सायेब, तुमी मागनं फक्की टाका."

ती चालली, मागे पांढरी रेघ उमटत गेली. पूर्वेला ती एकदम बाहेर वळली. म्हातारी चुकली, असं समजून साहेबांनी तेवढा भाग सोडला.

खणलं, तर रेघेखाली दगडी काठ जसाच्या तसा. पाणी मात्र कुठेच नाही. शेवटी साहेबांनी निमूटपणे तो फुगवटाही खणायला लावला. खाली एक लहानशी पायरी निघाली आणि तिच्या बुडाशी झरा सुटला, असं सांगतात.

तळं भरल्यावर सगुणाबाईला हाताला धरून आणलं. ती पायरीवर बसली, पाय खाली सोडले. मग डोळे पुसत म्हणाली, "टेकलं, आबा."

आजही फेरी त्या पायरीपाशीच संपते. लेकरांना तिथे बसवतात. पाय पोचत नाहीत म्हणून एखादं हिरमुसलं की आई त्याला सांगते, "मोठा झालास की टेकतील."