घंटेच्या टेकडीवर थांबायचं नाही

"टेकडीवर कोणी थांबायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही." वेदरली विद्यापीठाच्या धावण्याच्या संघात आले, त्या पहिल्याच दिवशी मला हे सांगण्यात आलं. मी साताऱ्याची, यवतेश्वरचा घाट धावत मोठी झालेली. चढाची भीती नव्हती. न विचारण्याची सवय मात्र नव्हती.

ओहायोतल्या या खासगी विद्यापीठाच्या स्टेडियममागे ती टेकडी आहे. माथ्यावर लोखंडी घंटा, आणि घंटेखाली हातभर जागा, जिथे गवत उगवत नाही. निवृत्त प्रशिक्षक हॅस्केल दरवर्षी नव्या खेळाडूंना आणि त्यांच्या आईवडिलांना तिथली हकिगत सांगतात.

फार पूर्वी, असे सांगतात, विश्वस्तांनी इथले खेळ बंद करायचं ठरवलं होतं. शेजारच्या कॉलेजला हरवलंत तरच संघ राहील, म्हणाले. शर्यत टेकडीवरच्या घंटेपाशी संपायची, आणि तीत एमस नावाचा मुलगा सगळ्यांच्या पुढे होता. टेकडीच्या पायथ्याशी त्याचा घोटा मोडला. त्याने शपथ घेतली, घंटा वाजवल्याशिवाय थांबणार नाही. चढताना तो पुन्हापुन्हा मागे वळून पाहत होता म्हणे. खाली त्याचे प्रशिक्षक आणि सगळे विश्वस्त उभे होते. त्याने घंटा वाजवली आणि तिथेच प्राण सोडला. संघ राहिला. आजही हंगामाच्या पहिल्या सकाळी अख्खा संघ न थांबता टेकडी चढतो. एकजण जरी मागे राहिला तरी वर्ष वाया जातं, म्हणतात.

यंदा मी कर्णधार होते, आणि आमच्या नेओमीच्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता. आता धावलीस तर पुन्हा कधीच धावणार नाहीस, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

"पट्टी बांधून चढेल ती," हंगामाच्या पहिल्या सकाळी टेकडीच्या पायथ्याशी हॅस्केल म्हणाले. "एमसला कुठे डॉक्टर होता?"

"म्हणूनच मेला ना!" मी म्हटलं.

जमलेल्या माजी खेळाडूंपैकी कोणी हसलं नाही. विद्यापीठाची टोपी घातलेले एक आजोबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "केट, तू बाहेरून आलीस. तुला यातलं पावित्र्य कळायला वेळ लागेल."

"केतकी. आणि तीन वर्षं झाली मला येऊन."

शेजारी नेओमी बुटाची नाडी आवळत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"कोच," मी विचारलं, "एमस मागे वळून का बघत होता?"

"निरोप घेत होता, पोरी."

"निरोप? मोडक्या पायाने चढता चढता? एवढ्या मोठ्या माणसांतलं कोणीतरी 'थांब' म्हणतंय का, ते बघत होता तो! तुम्ही पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट सांगताय, आणि अजूनही कोणी म्हणत नाही."

हॅस्केलांनी शिटी ओठांना लावली. मी खाली बसले आणि नेओमीचा हात नाडीवरून बाजूला केला.

"थांब," मी म्हटलं. "आज कोणीच चढणार नाही."

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. संघातल्या बाकीच्या मुली एकेक करत आमच्याभोवती येऊन बसल्या.

हॅस्केलांनी शिटी हळूच खाली घेतली.